अठ्ठावन्न पैसे शेकडा

बीड जिल्ह्यातल्या खेड्यांत व्याज टक्क्यांत बोलत नाहीत, शेकड्यात बोलतात. 'दोन रुपये शेकडा' म्हणजे शंभरावर महिन्याला दोन रुपये, वर्षाचे चोवीस. लग्नाला, दवाखान्याला, बी-बियाण्याला घेतलेले पैसे दोनाने मिळाले तर देणारा ओळखीचा असतो. तीनाने किंवा पाचाने घ्यावे लागले तर गरज अंगावर आलेली असते, एवढे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. ज्याचे आयुष्य या हिशोबात गेले, त्याला कोणी सांगितले की अमकी संस्था ठेवीवर बारा टक्के देते, तर तो मनातल्या मनात बाराने भागतो आणि उत्तर येते रुपया शेकडा. गावातला सावकार लावतो त्याच्या निम्मे. त्यात डोळे विस्फारण्यासारखे त्याला काही दिसत नाही. उलट हा भाव सोज्वळ, देवाधर्माचा वाटतो.

पतसंस्था बुडाली की शहरातले शहाणे 'लोभापायी गेले' असा निकाल देऊन मोकळे होतात. हा भागाकार त्यांनी कधी केलेला नसतो.

आता त्याच शेकड्याने केंद्र सरकारचा रोखा, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचा कागद, मोजून बघू. दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यावर गेल्या काही वर्षांत सहा ते साडेसात टक्क्यांच्या आसपास मिळत आले आहेत. सात धरले तर अठ्ठावन्न पैसे शेकडा. अंबाजोगाईजवळच्या गावात राहणाऱ्या, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, मी हा आकडा सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, "अठ्ठावन्न पैशात सरकारला पैसे द्यायचे? आन ते बी सरकार आपल्याकडं मागायलंय?"

मागतेच आहे. दर आठवड्याला मागते.

तात्यांच्या हसण्यामागे आणखी एक आठवण होती. १९८८ मध्ये सरकारने किसान विकास पत्र काढले, तेव्हा त्यात साडेपाच वर्षांत दामदुप्पट होत असे. हिशोब मांडला तर हा दर वर्षाला तेरा टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे ज्या पिढीच्या हातात आज ग्रॅच्युइटीचे, फंडाचे किंवा रस्त्याला गेलेल्या जमिनीच्या मावेजाचे पैसे आहेत, तिने सरकारी पोस्टातच रुपया शेकड्याहून जास्त घेतलेला आहे. त्या काळी महागाई जास्त होती, नव्वदीच्या दशकाच्या मध्यात तर सरकारला बाजारातून पैसा उचलायलाही तेरा-चौदा टक्के मोजावे लागले. पुढे दर उतरले. २०२४-२५ मध्ये तेच किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट होत असे. माणसाच्या मनातला 'बरा दर' मात्र तरुणपणी पाहिलेल्या आकड्यावरच अडून बसतो, आणि बारा-तेरा टक्के देऊ करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

बीडमध्ये हे देऊ करणारे भरपूर होते. शहरातच मुख्यालय असलेली ज्ञानराधा मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी हे त्यातले सगळ्यांत मोठे नाव. २०२३ च्या अखेरीस तिच्या शाखांतून ठेवी परत मिळेनाशा झाल्या. २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. बारा ते चौदा टक्क्यांचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या आणि त्यातले दोन हजार कोटींहून अधिक रुपये कर्जाच्या नावाखाली संस्थेच्या प्रवर्तकांच्याच उद्योगसमूहाकडे वळवले, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. खटल्याचा निकाल न्यायालयातून यायचा तेव्हा येईल. ठेवीदारांचे अर्ज, मोर्चे आणि जप्त मालमत्तेच्या लिलावाची वाट पाहणे मात्र तेव्हापासून चालू आहे. महाराष्ट्रात यासाठी १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याने मालमत्ता जप्त होते, पण जप्ती आणि खात्यात रक्कम जमा होणे यांत किती उन्हाळे जातात ते ठेवीदाराला विचारावे.

एक साधा हिशोब कागदावर मांडून पाहा. पाच लाख रुपये तेरा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६५ हजार येतात, सात टक्क्यांनी ३५ हजार. फरक ३० हजारांचा. मुद्दल बुडण्याचा धोका आपण या ३० हजारांसाठी घेतो. या जादा व्याजातून पाच लाखांची भरपाई व्हायला सोळा वर्षे आठ महिने लागतात. म्हणजे संस्था निदान सतरा वर्षे सुरळीत चालली तर सौदा जमला म्हणायचा. बुडालेल्या संस्थांपैकी किती जणी ठेवीदाराला सतरा वर्षे व्याज देऊन मग बुडाल्या?

कापूस जिनिंगवर नेला की आपला शेतकरी आधी काट्याकडे बघतो. गाडी भरलेली वजन करतो, रिकामी वजन करतो, चिठ्ठी घेतो, किलोभर इकडेतिकडे झाले तर आवाज चढवतो. कापसाचे पैसे घेऊन तोच माणूस चौकातल्या काचेच्या केबिनमध्ये शिरतो तेव्हा मात्र काटा बाहेर राहतो. पैशाच्या बाजारातला काटा म्हणजे सरकारी रोख्याचा दर. सरकारला रुपयांतले कर्ज रुपयांत फेडायचे असते, म्हणून त्याच्याइतका खात्रीचा रुपयांतला कर्जदार देशात नाही. बाकी कोणीही पैसे मागायला आला तर त्याला त्याहून थोडे जास्त द्यावे लागतात, आणि 'थोडे जास्त' किती, त्यावरून त्याची पत कळते. सरकार सात देत असताना मोठी बँक सात-सव्वासात देते तोपर्यंत ठीक. कोणी तेरा देत असेल तर वरचे सहा टक्के त्याने धोक्याची किंमत म्हणून लावले आहेत. ती किंमत तो स्वतःच बोर्डावर लिहून ठेवतो. आपण तिला फायदा म्हणून वाचतो.

आणि हो, 'रजिस्टर संस्था आहे, सरकारी शिक्का आहे' या वाक्याविषयी. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, माणशी एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी १९९३ पासून एक लाख होती. या विम्याच्या जन्माला आपल्याकडचीच एक बँक कारण झाली. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका पडल्या, आणि १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला, तेव्हा दीड हजार रुपयांचा. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, ती केंद्रीय सहकार निबंधकाकडे नोंदलेली असते. निबंधकाने नोंदणी केली म्हणजे त्याने तुमच्या पैशाची हमी घेतली असे होत नाही. लग्नाची नोंदणी करणारा अधिकारी संसार नीट चालेल अशी हमी देतो का?

तात्यांचेही साडेतीन लाख एका पतसंस्थेत अडकलेले आहेत. कोणत्या ते सोडून देऊ. पावती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवली आहे. पिग्मी गोळा करणारा पोरगा त्यांच्या मावसभावाचा जावई. तो रोज दारात यायचा, चहा घ्यायचा, घरातल्या आजाऱ्याची चौकशी करायचा. आता तोही तोंड चुकवत फिरतो, कारण त्याच्या सासऱ्याचेही गेले. पैसे ठेवताना तात्यांनी संस्था बघितली नव्हती, माणूस बघितला होता. सरकारी रोख्याबद्दल त्यांचा पहिला प्रश्नही तोच होता, "याचा माणूस कुठं बसतो?"

याचा माणूस नाही. ज्याला कमिशन नाही तो दारात येत नाही, एवढे साधे गणित आहे. त्यामुळे या रोख्यांची माहिती खेड्यापर्यंत पोहोचत नाही.

तसे आपण सगळेच आधीपासून सरकारला कर्ज देत आहोत, फक्त पोटभाडेकरूसारखे. बँकांना त्यांच्या ठेवींच्या साधारण अठरा टक्क्यांइतकी रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांतच अडकवून ठेवावी लागते. एलआयसी आणि प्रॉव्हिडंट फंड हे या रोख्यांचे मोठे गिऱ्हाईक. पोस्टातली बचत राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाते आणि तिथून सरकारच्या हाती. म्हणून साठी ओलांडलेल्या माणसाला मी आधी पोस्टाकडेच पाठवतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर २०२४-२५ मध्ये ८.२ टक्के होता, लाखाला तिमाहीला २,०५० रुपये. मर्यादा तीस लाख, मुदत पाच वर्षे. मासिक उत्पन्न योजनेत ७.४, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात ७.७. बाजारातल्या सरकारी रोख्यापेक्षा हे दर चढे आहेत, म्हणजे सरकार म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम जास्त देते. पतसंस्थेच्या रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी लोकांनी पोस्टातली ही खिडकी कधी विचारलेली नव्हती.

पोस्टाची मर्यादा संपली, किंवा वय साठ झाले नाही, तर फ्लोटिंग रेट बचत रोखे आहेत. १ जुलै २०२० ला सुरू झाले, सात वर्षांचे, स्टेट बँकेत आणि राष्ट्रीयीकृत बँकांत मिळतात. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरावर ०.३५ टक्के जास्त देतात आणि दर सहा महिन्यांनी दर नव्याने ठरतो. जुलै २०२३ पासून तो ८.०५ होता, म्हणजे लाखाला सहामाही ४,०२५ रुपये. खोट एकच, पण मोठी. साठीच्या आतल्या माणसाला सात वर्षे हात लावता येत नाही, ते विकता येत नाहीत आणि तारणही ठेवता येत नाहीत. ज्याच्या घरी पुढच्या दोन वर्षांत लग्न आहे त्याने तिकडे फिरकू नये.

खऱ्या अर्थाने बाजारातले रोखे साध्या माणसाला उघडले ते १२ नोव्हेंबर २०२१ ला. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना सुरू झाली. पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल, बचत खाते आणि ई-मेल असला की रिझर्व्ह बँकेकडे थेट तुमच्या नावाचे रोखे-खाते उघडते, फुकट. किमान खरेदी दहा हजारांची. मुदतीचे रोखे सहसा शुक्रवारच्या लिलावात, ट्रेझरी बिले बुधवारी, आणि महाराष्ट्रासकट राज्यांचे विकास रोखे मंगळवारी. राज्यांचे रोखे केंद्रापेक्षा थोडे जास्त देतात. लिलाव म्हटल्यावर घाबरायचे कारण नाही. आपण बोली लावायची नसते, फक्त रक्कम सांगायची. मोठ्या बँकांच्या बोलीतून जो दर ठरेल तो आपल्याला मिळतो. मोंढ्यात मोठ्या व्यापाऱ्यांनी सौदा फोडल्यावर त्याच भावात आपली दोन पोती घालण्यासारखे आहे.

रोख्याचे नावच त्याची कुंडली असते. '७.१० टक्के जीएस २०३४' म्हणजे केंद्र सरकारचा रोखा, वर्षाला ७.१० टक्के, दोन हप्त्यांत, आणि मुद्दल २०३४ मध्ये परत. मधल्या काळात देशातले व्याजदर कुठेही जावोत, हा आकडा हलत नाही.

हलते ती त्याची बाजारातली किंमत, आणि इथे सावध व्हायला हवे. समजा सात टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा तुम्ही दहा हजारांना घेतला आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात दर आठ झाला. आता नवा रोखा आठ देत असताना तुमचा सातवाला दहा हजारांना कोण घेईल? त्याची किंमत साधारण ९,३२० पर्यंत उतरते. दर सहावर आला तर तोच १०,७४० च्या आसपास जातो. मुदत दोनच वर्षे उरली असेल तर त्याच एका टक्क्याच्या चढीने तो फक्त ९,८२० पर्यंत येतो. मुदत जितकी लांब तितका झोका मोठा. अखेरपर्यंत धरून ठेवणाऱ्याला या झोक्याशी देणेघेणे नाही, त्याला दहा हजार पुरते मिळतात. मध्येच विकायला निघालेल्याला मात्र तोटा होऊ शकतो, शिवाय छोट्या रकमेला त्याच दिवशी गिऱ्हाईक सापडेलच असेही नाही. 'सरकारी म्हणजे तोटा नाही' असे सांगणाऱ्याने अर्धेच सांगितलेले असते. महागाई तर सगळ्यांच्याच व्याजातून आपला वाटा काढते, आणि व्याजावर आपापल्या गटाप्रमाणे प्राप्तिकरही असतो.

कंपन्यांच्या रोख्यांबद्दल थोडक्यात. पतमानांकन हा कोणाचा तरी अंदाज असतो. आयएल अँड एफएसला सर्वोच्च मानांकन होते, आणि २०१८ च्या सप्टेंबरात तिने हप्ते थकवले. एखादा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी तिकडे नेऊ नये.

सरकारी रोख्याच्या नावानेही माणूस फसतो, आणि तो प्रकार आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात घडलेला आहे. २००२ मध्ये होम ट्रेड नावाच्या दलालाच्या प्रकरणात उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, वर्धा आणि नागपूर या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे पैसे गेले. एकट्या नागपूरचे दीडशे कोटींच्या घरात. बँकांनी दलालांना सरकारी रोखे घ्यायला पैसे दिले आणि रोखे हातात आलेच नाहीत. नागपूरच्या खटल्यात न्यायालयाने शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी. सरकारने तिथे एक पैसाही बुडवलेला नव्हता. सरकारपर्यंत पैसे पोहोचलेच नव्हते. म्हणून रोखा कोणता याच्याइतकेच तो कोणाच्या वहीत आणि कोणाच्या नावावर आहे हे विचारावे. रिझर्व्ह बँकेच्या खात्याचे खरे मोल इथे आहे, कारण मधला माणूसच नाही. तात्यांची जी तक्रार होती, तीच त्याची जमेची बाजू.

रोखा कोणाकडे आहे यावरून आपल्या मुलखात याआधीही रण पेटलेले आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९४८ च्या सुरुवातीला हैदराबाद सरकारने पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले, आणि ते दिले भारत सरकारच्या रोख्यांत. दिल्लीने त्यावर कडक हरकत घेतली. त्या वर्षीच्या भांडणांतले ते एक मोठे कलम होते. एका सरकारचे कर्ज दुसऱ्याने तिसऱ्याला देऊन टाकावे, असा तो अजब व्यवहार.

असो. तात्यांकडे यंदा दोन लाख होते. बैलजोडी विकली त्याचे काही, सोयाबीनचे काही. पोस्टातली योजना त्यांनी आधीच घेतलेली. मी उत्साहात त्यांना २०३४ चा रोखा दाखवला. त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "तवर मी ब्याऐंशीचा होईन. आन नातीचं लग्न तर पुढल्या वर्षी हाय." माझी चूक होती. पैसा कधी लागणार हे आधी विचारायचे असते, दर नंतर.

मग आम्ही ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलावर आलो. याला व्याजाचा हप्ता नसतो. दहा हजारांचे बिल कमी किमतीला मिळते, मुदत संपली की पुरते दहा हजार येतात. दर सहा टक्के धरला तर एक बिल साधारण ९,४३५ ला पडते, वीस बिले १,८८,७०० ला, आणि वर्षाने दोन लाख. मी हे सांगत होतो आणि तात्यांचा चेहरा बदलत गेला. गावात सावकार पैसे देतानाच व्याज कापून घेतो. शंभर लिहून घेतो, हातावर ब्याण्णव ठेवतो. तात्यांनी तरुणपणी हे दोनदा भोगलेले. त्यांनी मला थांबवले. "म्हंजी सरकार दोन लाख लिहून देणार, आन मी त्याच्या हातावर व्याज कापून ठिवणार?"

हो म्हणालो. काकूंना आतून हाक मारून त्यांनी हे परत सांगितले, यावेळी अंमळ मोठ्याने.

ई-मेल नव्हता, तो नातीने काढून दिला. वीज गेली, ओटीपी दोनदा हुकला. वारस म्हणून काकूंचे नाव घालताना स्पेलिंग आधारवर वेगळे आणि पॅनवर वेगळे निघाले, त्यात आणखी अर्धा तास गेला. बुधवारी बोली गेली, गुरुवारी बिले खात्यात दिसली. तात्यांनी चष्मा लावून स्वतःचे नाव वाचले, मग भिंतीवरच्या कालनिर्णयात परतफेडीची तारीख लिहायला उठले. पण ती पुढच्या वर्षातली, आणि पुढचे कालनिर्णय अजून यायचे होते. त्यांनी डिसेंबरचे पान उलटून मागच्या कोऱ्या कडेला पेनाने लिहिले, 'सरकारकडून येणे २,००,०००', आणि खाली सही केली.